लाल बटण दाबलं की रंधा मशीनचा कटरब्लॉक गपकन थांबतो. बिघाड की ब्रेक?

भुसकटराव: काल नवं युरोपियन प्लेनर-थिकनेसर, म्हणजे फळी सपाट आणि एकसारख्या जाडीची करणारं रंधा मशीन, जोडलं. मोटरच्या पाटीवर ४०० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ आणि पुढे ‘एस६-४०%’. म्हणजे चाळीस टक्केच ताकद वापरायची का? शिवाय स्टॉप दाबला की ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता रूळ, तीन-चार सेकंदांत थांबतो. जुनं मशीन मिनिटभर घोंघावत राहायचं, तेवढ्यात माझा टेबल झाडून व्हायचा!

उलटारंधा: बिघाड नाही, ब्रेक आहे. तिकडच्या मशीनवर कटर साधारण १० सेकंदांत थांबावा असा दंडक असतो. थांबायला वेळ लागू लागला तर ब्रेकचं अस्तर झिजलं समज. आणि एस६-४०% म्हणजे १० मिनिटांत ४ मिनिटं पूर्ण भार, ६ मिनिटं रिकामी फिरू दे. ताकदीचा काही संबंध नाही. एकामागून एक सागाच्या फळ्या दामटल्यास तर ओव्हरलोड (जास्त भार आला की मोटर बंद करणारा स्विच) पडेल.

भुसकटराव: आणखी एक. वीज गेली, परत आली, पण मशीन गप्प. पाती बदलायला ब्लॉक हाताने फिरवायला गेलो तर तोही हलेना.

उलटारंधा: वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाही तेच बरं, बोटं शाबूत राहतात. हिरवं बटण पुन्हा दाब. बऱ्याच मशीनवर ब्रेक मोकळा करायचा वेगळा स्विच असतो, पुस्तिकेत बघ. पण तो स्विच सापडला तरी आधी मेन बंद.

भुसकटराव: सापडला! स्टार्टच्या खालीच होता, मी दिवा समजत होतो.