शार्क टँकला अर्ज करायचाय, पण धंदा काकांच्या नावावर आहे. मदत हवी आहे

मंडळी,

धाकट्या चुलतभावाने डोकं खाल्लंय, म्हणून हा धागा. करवीर तालुक्यात आमच्या काकांचं गुऱ्हाळ आहे. भाऊ काहिलीत हायड्रोस (गुळाचा रंग उजळवणारं रसायन) न टाकता, भेंडीच्या पाण्यानं मळी काढून गूळ करतो आणि त्याची पावडर पाकिटातून विकतो. कोल्हापुरातली काही दुकानं, थोडं पुणं, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आसपास.

आता त्याला 'शार्क टँक इंडिया'त जायचंय, म्हणजे टीव्हीवर गुंतवणूकदारांपुढे ('शार्क') धंदा मांडून हिश्श्याच्या बदल्यात पैसे मागायचेत. ५० लाखांना ५ टक्के मागणार म्हणतो. म्हणजे धंद्याची किंमत १० कोटी! कागदावर मांडून दाखवलं, तर म्हणतो, "मग काय झालं? लोक त्याहून जास्त मागत्यात."

पहिल्या पर्वातला मालेगावचा जुगाडू कमलेश त्याला तोंडपाठ आहे. शार्क पीयूष बन्सलनी त्याला १० लाख दिले आणि वर २० लाख बिनव्याजी कर्ज, हे तो दहादा सांगतो. त्या १० लाखांना ४० टक्के हिस्सा गेला, ते मात्र गिळतो.

काकांचा एकच प्रश्न : "सातबाऱ्यावर त्या पैसेवाल्यांचं नाव चढणार काय?"

तर धंदा काकांच्या नावानं, प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा, कंपनी नाही). जीएसटी, एफएसएसएआय (खाद्यपदार्थांची), उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी आहे. असल्या धंद्यात हिस्सा विकता येतो का? जमीन बाहेर ठेवता येईल का? खरी गरज वाळवणी यंत्राची आहे, पावसाळ्यात पाकिटात पावडरीचा खडा होतो.

प्रतिसाद १

प्रोप्रायटरशिपमध्ये शेअरच नसतात, विकणार काय? आधी प्रायव्हेट लिमिटेड काढा. किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, काका आणि भाऊ झाले की. जमीन काकांच्या नावावरच राहू दे, कंपनीनं त्यांच्याशी भाडेकरार करावा. ब्रँडचं नाव मात्र कंपनीच्या नावावर हवं. टीव्हीवर हात मिळवले म्हणजे पैसे खात्यात आले असं नसतं, नंतर सगळी कागदपत्रं तपासतात आणि गाडी अशाच ठिकाणी अडते.

४० लाखांच्या उलाढालीवर १० कोटी किंमत म्हणजे २५ पट. निव्वळ नफा किती ते लिहिलंच नाहीत, पहिला प्रश्न तोच येणार. आणि नुसतं यंत्रच हवं असेल तर हिस्सा कशाला विकता? पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत बँक कर्जावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. सध्या अर्ज घेतात का ते कृषी कार्यालयात विचारा.

धागाकर्ता

धन्यवाद! सातबाऱ्याचं ऐकून काका निवांत झाले. नफा विचारला भावाला. तो म्हणतोय, घरचा ऊस आणि काकांची मजुरी खर्चात धरायची असते का?