युरोव्हिजन 2020: स्पर्धा रद्द झाली हे समजलं, पण गाणी का बाद केली?

सूरवेडी (पुणे)

नमस्कार मंडळी. 2021 मध्ये इटलीच्या मॉनेस्किन बँडमुळे मला युरोव्हिजनचा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या दरवर्षीच्या गाण्यांच्या स्पर्धेचा, नाद लागला. मग उलटं मागे जात जुनी वर्षं बघायला लागले आणि 2020 पाशी अडकले. त्या वर्षी 41 देशांची गाणी ठरली होती, सगळ्यांचे व्हिडिओ आलेले होते, आणि कोरोनामुळे अख्खा युरोप घरात बसून टीव्हीच बघत होता. मग फोनवरून मतं घेऊन निकाल लावायला काय हरकत होती? बरं, तेही नाही जमलं, तर तीच गाणी पुढच्या वर्षी का नाही चालली? आइसलँडचं ते हिरव्या स्वेटरवाल्यांचं गाणं मी महिनाभर ऐकतेय आणि ते स्पर्धेत कधी वाजलंच नाही हे पचत नाही. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

जुना_श्रोता (ठाणे)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नियमच तसा आहे. आदल्या वर्षीच्या 1 सप्टेंबरच्या आधी बाजारात आलेलं गाणं स्पर्धेत चालत नाही. 2020 ची गाणी त्या मार्चपर्यंत सगळीकडे वाजत होती, म्हणजे 2021 साठी आपोआप बाद. रद्द केल्याची घोषणा 18 मार्चला झाली आणि दोनच दिवसांत गाण्यांबद्दलचा हा निर्णयही आला. 1956 साली लुगानोला सात देशांवर सुरू झालेली स्पर्धा त्याआधी एकदाही रद्द झाली नव्हती, त्यामुळे अशा वेळी काय करायचं हे नियमांत कुठून असणार!

रॉटरडॅमवासी

सूरवेडी, मी बरीच वर्षं रॉटरडॅमला राहते, आहोय सभागृह घरापासून मेट्रोने थोड्याच अंतरावर, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलंय. जरा सविस्तर लिहिते.

आधी इथलं वातावरण सांगायला हवं. 2019 ला तेल अवीवमध्ये डंकन लॉरेन्स जिंकला तेव्हा नेदरलँड्सला 44 वर्षांनी विजय मिळाला होता. जिंकलेला देश पुढच्या वर्षी यजमान असतो, आणि त्या यजमानपदासाठी शेवटी रॉटरडॅम आणि मास्ट्रिख्ट यांच्यात चुरस होती, आणि आमच्या गावाला मान मिळाला तेव्हा लोक खरंच हरखले होते. उपांत्य फेऱ्या 12 आणि 14 मे, अंतिम फेरी 16 मे. माझ्या शेजारच्या डच आजी 1975 चा विजय पाहिलेल्या. त्या दरवर्षी वहीत पट्टीने रेघा मारून देशांचा तक्ता करतात आणि प्रत्येक गाण्यापुढे गुण लिहितात. त्या वर्षी तक्ता मार्चमध्येच आखून तयार होता.

आता तुझा पहिला प्रश्न, व्हिडिओवर मतं का नाही घेतली. माझं मत स्पष्ट आहे: नाही घेतली तेच बरोबर झालं. युरोव्हिजनमध्ये गाण्याला गुण मिळतात ते सगळे एकाच मंचावर उभे राहून गातात म्हणून. तीन मिनिटं, जास्तीत जास्त सहा जण, आणि मुख्य गायकाचा आवाज तिथल्या तिथे. सॅन मरिनोसारखा चिमुकला देश असो की जर्मनीसारखा मोठा, मंच तोच, ध्वनियंत्रणा तीच, तालमीला वेळही सारखाच. परीक्षक आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर गुण देतात, प्रेक्षक दुसऱ्या दिवशी. व्हिडिओत हे काहीच राहत नाही. ज्याच्याकडे पैसा त्याचा व्हिडिओ देखणा, आणि गळा कसा आहे हे कळायला मार्गच नाही. मार्चमध्ये कितीतरी देशांत गायकांना स्टुडिओपर्यंत जाण्याचीही मुभा नव्हती. अशा अवस्थेत निकाल लावला असता तर जिंकणाऱ्याच्या नावापुढे कायमचं प्रश्नचिन्ह राहिलं असतं.

पुढे ढकलण्याचाही प्रश्न नव्हता. त्या वसंतात आहोयमध्ये कोरोनाच्या रुग्णांसाठी खाटा लावल्या होत्या. जिथे मंच उभा राहायचा त्या इमारतीवरून जाताना मला पोटात कालवायचं, ते आजही आठवतं.

स्पर्धेऐवजी 16 मेच्या रात्री हिल्फरसमच्या स्टुडिओतून दोन तासांचा कार्यक्रम झाला, 'युरोप शाइन अ लाइट'. निवेदक तेच तिघे, जे मूळ स्पर्धेला होणार होते. 41 गाण्यांची थोडी थोडी झलक, कुणाला गुण नाहीत, क्रमांक नाहीत. बरेच जण म्हणतात की तो कार्यक्रम मिळमिळीत होता. मला नाही पटत. इटलीचा दिओदातो व्हेरोनाच्या त्या प्राचीन रोमन रंगमंडलात एकटा उभा राहून गायला. चहूबाजूंनी दगडी पायऱ्या, एकही माणूस नाही. मार्चमध्ये त्याचं हेच गाणं इटलीतले लोक गच्च्यांमधून गात होते. आजी त्यांच्या बाल्कनीत, मी माझ्या, दोघींचे टीव्ही आत मोठ्याने लावलेले, आणि त्याचं गाणं संपल्यावर आजी कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. मग वहीत त्यांनी त्याला 12, म्हणजे सर्वांत जास्त गुण, लिहिले. आइसलँडला 10.

तुझ्या आइसलँडबद्दल: स्वीडन आणि ऑस्ट्रियाच्या वाहिन्यांनी आपापल्या प्रेक्षकांसाठी वेगळे कार्यक्रम करून मतं घेतली, दोन्हीकडे आइसलँडच पहिलं. जर्मनीत मात्र लिथुआनियाचा द रूप हा बँड. त्यामुळे कोण जिंकलं असतं यावर लोक अजून भांडतात, भांडू देत.

सूरवेडी (पुणे)

ताई, इतकं छान लिहिलंत, मनापासून आभार! मंचाचा मुद्दा पटला. पण मग गाणी तरी पुढच्या वर्षी घ्यायची होती ना? आदोयमध्ये नाहीतर आहोयमध्ये (नाव अजून जिभेवर बसत नाहीये), तोच मंच वर्षभराने मिळणारच होता की. नियम माणसांनीच केलेला, एका वर्षापुरता बदलला असता.

रॉटरडॅमवासी

इथे माझं मन आयोजकांच्या बाजूने नाही. म्हणजे गाण्यांचा नियम मी समजू शकते. वर्षभर ऐकून झालेलं एक गाणं आणि आठवडाभरापूर्वी आलेलं दुसरं, यांची तुलना सरळ होत नाही. आइसलँडच्या गाण्याला जगभर नाचून लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. ते 2021 ला उतरलं असतं तर बाकीच्यांनी यायचं कशाला?

पण गायकांचं काय? ते पुन्हा पाठवायचे की नाही हे प्रत्येक देशाच्या वाहिनीवर सोडून दिलं गेलं. निम्म्याहून जास्त देशांनी आपल्या गायकाला पुन्हा बोलावलं. स्वित्झर्लंडचा जॉन्स टिअर्स तिसरा आला, परीक्षकांच्या गुणांत तर पहिला. युक्रेनचा गो-ए बँड पाचवा. आमच्या नेदरलँड्सचा जेआंगू माक्रोय मूळचा सुरिनामचा, त्याने दुसऱ्या वेळी गाण्यात सुरिनामची बोली आणली, गुण फार नाही मिळाले पण मला ते गाणं आजही त्याच्या पहिल्यापेक्षा जवळचं वाटतं. ही माणसं परत आली म्हणून हे घडलं. उलट स्वीडनच्या द मामाजना राष्ट्रीय फेरीत पुन्हा पहिल्यापासून उतरावं लागलं आणि त्या हरल्या. फिनलंडच्या अक्सेलचंही तेच. एकदा रीतसर निवडून आलेल्या माणसाला, त्याचा काहीही दोष नसताना, पुन्हा रांगेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. स्पर्धा घेणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने एवढी एक अट घालायला हवी होती: 2020 च्या गायकाची इच्छा असेल तर पहिला मान त्याचा.

सतार_नाशिक

थोडा विरोध करतो. इटलीचा प्रतिनिधी सानरेमोच्या महोत्सवातून ठरतो आणि तो महोत्सव युरोव्हिजनपेक्षा जुना आहे. तुमची अट असती तर 2021 ला दिओदातोच गेला असता आणि सानरेमो जिंकलेला मॉनेस्किन घरी बसला असता. सूरवेडी तर या धाग्यावर आलीच नसती! शिवाय 2021 ला परत आलेल्या सगळ्यांचं भलं झालं असंही नाही. ब्रिटनचा जेम्स न्यूमन दोन्ही वर्षी तोच, आणि रॉटरडॅममध्ये त्याला परीक्षकांकडून शून्य, प्रेक्षकांकडूनही शून्य.

रॉटरडॅमवासी

सतार, मॉनेस्किनचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. शून्य गुणांचं मात्र मी वेगळं बघते. त्या रात्री सभागृहातल्या लोकांनी शून्य जाहीर झाल्यावर न्यूमनला उभं राहून टाळ्या दिल्या, आणि तोही हसत उभा राहिला. मंचावर उभं राहायला मिळालं म्हणून तो क्षण त्याच्या वाट्याला आला. 2020 चे कितीतरी जण तिथवर पोचलेच नाहीत.

आणि 2021 उभं करणं किती अवघड होतं तेही लिहून ठेवते. आयोजकांनी चार पर्याय आखले होते, अगदी नेहमीसारख्या स्पर्धेपासून ते सगळ्यांनी आपापल्या देशातून गाण्यापर्यंत. प्रत्येक देशाला आधीच आपल्याकडे एक सलग ध्वनिचित्रमुद्रण करून ठेवावं लागलं, आवाजात कुठलीही दुरुस्ती न करता. ऑस्ट्रेलियाची माँटेन येऊच शकली नाही, तिचं ते मुद्रणच दाखवलं. प्रत्येक प्रयोगाला 3,500 प्रेक्षक, आधी चाचणी निगेटिव्ह असेल तरच आत. आणि आइसलँडच्या चमूतला एक जण पॉझिटिव्ह निघाला, म्हणून त्यांचं नवं गाणंही मंचावर थेट झालं नाही. तालमीचं मुद्रण दाखवलं, ते हॉटेलवरून बघत बसले, आणि तरीही चौथे आले. दोन वर्षांत एकदाही प्रत्यक्ष मंच नाही. सूरवेडी, तुला त्यांची हळहळ वाटते ती अगदी रास्त आहे.

सूरवेडी (पुणे)

अरे देवा, हे मला माहीतच नव्हतं! मला वाटलं होतं 2021 ला तरी ते तिथे प्रत्यक्ष गायले असतील. आता आधी काय बघू?

रॉटरडॅमवासी

आधी 'शाइन अ लाइट' पूर्ण बघ, मधून मधून नको. मग आइसलँडचं 2021 चं सादरीकरण. आणि त्यानंतर ट्युरिनची 2022 ची पहिली उपांत्य फेरी काढ. तिथे पाहुणा म्हणून दिओदातोला बोलावलं होतं आणि त्याने 2020 चंच गाणं गायलं, भरलेल्या सभागृहात. स्पर्धेबाहेर का होईना, पण गायला. इअरफोन लावून ऐक, मोबाइलच्या स्पीकरवर नको.