बारावीनंतर बाहेरून बायो दिली म्हणजे मागच्या दारानं आलो का?

कोरा_कागद:
परवा इथं कुणीतरी लिहिलं, "बारावी झाल्यावर तुरळक विषय म्हणून, म्हणजे बाहेरून एकटाच जादा विषय म्हणून, बायो देणारे मागच्या दारानं मेडिकलला शिरतात. घरी बसून गाईड पाठ केलं की विषय येत नाही." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी अकरावीला बायफोकलचं (बायोऐवजी घेता येणाऱ्या व्यावसायिक विषयाचं) कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि बायो सोडली. सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय होता, बारावीनंतर चुकला हे कळलं. मग बोर्डाचा फॉर्म भरला. पेपर बारावीवरच असतो, पण अकरावीशिवाय बारावी समजेना, म्हणून दोन्ही वर्षांची पुस्तकं काढली. शिकवणी नव्हती. सर्क्युलेशन तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना, तेव्हा रोज सकाळी कोऱ्या कागदावर हृदय काढायचो आणि कुठली झडप केव्हा उघडते ते स्वतःलाच मोठ्यानं सांगायचो. महिनाभर. पेपर तोच ७० गुणांचा, तपासणारेही तेच. यात मागचं दार कुठलं? बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलेली बायो चालते, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंय. त्याआधी आमच्यासारख्यांना पुढच्या दारातच अडवत होते.

प्रयोगवही:
ज्युनियर कॉलेजला बावीस वर्षं बायो शिकवतेय. ७० चं सांगितलंत, प्रॅक्टिकलच्या उरलेल्या ३० चं काय? कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून दाबायचं, सोळा गुणसूत्रं नीट दिसतील अशी एक पेशी शोधायची. माझ्या मुलांच्या आठ-दहा स्लाइड वाया जातात तेव्हा कुठे एक मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं मोजता येतील अशी विभागणारी पेशी, सापडते. त्या वाया गेलेल्या स्लाइड म्हणजेच बायो. ती कागदावर कशी येणार?

कोरा_कागद:
मॅडम, मी प्रॅक्टिकल टाळलं नाही. परीक्षा केंद्राच्या कॉलेजात चार खेपा घातल्या. "आधी आमची मुलं होऊ देत, मग बघू." परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस लॅब मिळाली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोस्कोपला हात लावला. याचा दोष माझ्या एकट्यानं अभ्यास करण्याला देताय?

दोन_वर्षांची_फी:
पण रेग्युलर मुलं तरी कुठे कॉलेजात जातात? माझी मुलगी इंटिग्रेटेडला होती, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं क्लासमध्ये. दोन वर्षांत कॉलेज पाहिलं ते ॲडमिशनला आणि हॉलतिकीट घ्यायला. जर्नल क्लासनंच लिहून दिलं. शासनानं २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, आमच्या कॉलेजात ते मशीन मी कधी चालू पाहिलं नाही. या मुलाला बाहेरचा म्हणता, मग माझी मुलगी आतली कशी?

प्रयोगवही:
सगळ्या कॉलेजांना एका मापानं मोजू नका. माझ्या लॅबमध्ये एकही जर्नल बाहेरून लिहून येत नाही. आणि त्या क्लासला पैसे तुम्हीच भरलेत ना? वर्गात साठ नावं आणि समोर नऊ मुलं, अशा वर्गाला शिकवून बघा एकदा. ही मुलं आमच्यापासून पालकांनीच तोडली.

दोन_वर्षांची_फी:
आमच्यावर ढकलू नका. जवळच्या कॉलेजात फिजिक्सला दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हते. तासिका तत्त्वावरचे एक सर आले, ते जानेवारीत सोडून गेले. दागिने गहाण ठेवून फी भरली मी. हौस नव्हती.

तालुक्याचा_पोरगा:
दोघंही शहरातले दिसताय. आमच्या तालुक्यात क्लास नाही, आणि कॉलेजच्या लॅबचं कुलूप फक्त परीक्षेला उघडतं. मी मुक्त विद्यालयातून बायो दिली, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. दुसऱ्या संधीत सुटलो. पहिल्यांदा नापास झालो ते शिक्षक नव्हते म्हणूनच, हे मात्र मॅडमचं खरं आहे. जेनेटिक्सची उदाहरणं चुकत होती आणि कुठे चुकतंय हे दाखवणारं कुणी नव्हतं. सहा महिने चुकीचीच पद्धत घोटत बसलो.

कोरा_कागद:
हे माझंही झालं. प्लँट वॉटर रिलेशन मी निव्वळ पाठ केलं, आजही कच्चं आहे. पण म्हणून मी मागच्या दारानं आलो असं होत नाही. तो शब्द मागे घ्या, एवढंच म्हणतोय.

प्रयोगवही:
तो शब्द माझा नव्हता. केंद्रानं लॅब दिली नाही ही केंद्राचीच चूक, मान्य. एकट्यानं बायो नीट होते हे मी मानणार नाही. तुम्ही स्वतःच आत्ता कबूल केलंत.

तालुक्याचा_पोरगा:
मग तुमची लॅब रविवारी बाहेरच्या मुलांना उघडाल का?

प्रयोगवही:
प्राचार्यांना विचारीन. काच फुटली तर मीच भरते, त्याचं काही नाही. पण लॅब असिस्टंटची जागा तीन वर्षं रिकामी आहे. ती मुलं आमच्या पटावर नाहीत, त्यांच्या जर्नलवर सही कुणी करायची ते केंद्रानं लेखी द्यावं.