लकवा झालेल्याच्या गाडीला पार्किंगचा बॅज मिळतो का? यूडीआयडी, रेल्वे, एसटीचंही विचारायचं आहे (नागपूर)

मानेवाडावासी

नमस्कार. माझ्या मिस्टरांना मागच्या वर्षी दिवाळीनंतर ब्रेन स्ट्रोक झाला. वय ५३, सरकारी खात्यात लिपिक आहेत. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. आता काठी आणि पायातल्या स्प्लिंटच्या भरवशावर घरातल्या घरात फिरतात, उजवा हात अजून नुसता लोंबतो. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही. चहा पाहिजे असला की "पेपर" म्हणतात आणि मग स्वतःवरच चिडतात.

गाडी मी चालवते. फिजिओथेरपी धंतोलीत. तिथल्या गल्ल्या ज्यांना माहीत आहेत त्यांना जास्त सांगायला नको. जागा मिळालीच तर गार्ड म्हणतो, भिंतीला चिकटवून लावा. हे बसतात माझ्या डावीकडे, भिंतही डावीकडेच. आधी डावा पाय बाहेर टाकायचा, मग डाव्या हातानं उजवी मांडी उचलून तो पाय बाहेर ठेवायचा, मग मी समोरून कमरेचा पट्टा धरते तेव्हा कुठे उभे राहतात. त्याला दार सताड उघडं लागतं. रस्त्यातच उतरवलं तर मागच्यांचे हॉर्न सुरू. एकदा यांना आत बसवून येईपर्यंत गाडी उचलून नेली होती.

माझी नणंद इंग्लंडला असते. ती म्हणते तिथे अशांना ब्लू बॅज मिळतो, काचेमागे ठेवला की पिवळ्या रेषेवरही, म्हणजे तिथल्या नो-पार्किंगमध्येही, गाडी लावता येते. "वहिनी, तू पण काढून टाक ना." आपल्याकडे असं काही आहे का?

दुसरं म्हणजे यूडीआयडी, दिव्यांगांचं ते सरकारी ओळखपत्र. एका दवाखान्याच्या खिडकीवर मला सांगितलं, "यादीत लकवा नाही, काहून आल्या?" खरंच मिळत नाही का? आणि मिळालं तर रेल्वे, एसटी, टोल यात नेमका फायदा काय? कोणी स्वतः केलं असेल तर सांगा, ऐकीव नको.

अजनीवाले काका

ताई, मी स्वतः डाव्या बाजूचा. रेल्वेत बुकिंगला नोकरी काढली, रिटायर झालो आणि वर्षभरात झटका आला. म्हणजे आयुष्यभर खिडकीच्या आतून ज्यांचे फॉर्म परत केले त्यांच्या रांगेत जाऊन बसलो. त्यामुळे दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

आधी ते खिडकीवालं. यादीत "लकवा" हा शब्द नाही हे खरं, आणि म्हणून कार्ड मिळत नाही हे साफ खोटं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात आजाराची नावं थोडीच आहेत, बहुतेक ठिकाणी त्या आजारानं शरीराचं काय नुकसान केलं ते आहे. स्ट्रोकनं हातपाय गेले तर तुम्ही चलनवलनाच्या दिव्यांगत्वात. मिस्टरांची वाचा गेली आहे, तर "वाचा व भाषा" हा आणखी वेगळा प्रकार, आणि त्याच्या व्याख्येत अफेझिया (मेंदूला इजा होऊन बोलणं-शब्द जाणं) हा शब्द चक्क छापलेला आहे. पुढच्या वेळी कोणी असं बोललं तर त्यांच्यापुढे परिशिष्टाचं ते पान ठेवा. वाद घालू नका, नुसतं पान ठेवा.

आता माझं खरं सांगणं. लोक एमआरआयची भली मोठी पिशवी घेऊन बोर्डापुढे, म्हणजे दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, जातात. बोर्डाला मेंदूत गाठ कुठे होती यात फारसा रस नसतो. माणूस काय करू शकत नाही, ते कागदावर आलं पाहिजे. आणि जे कागदावर आलं नाही ते पुढे कुठल्याच खिडकीवर मोजलं जात नाही. मिस्टरांचा फक्त हात-पाय लिहून घेतला आणि बोलणं राहून गेलं, तर अर्धाच माणूस मोजला गेला.

हिशेब दाखवतो. दोन दिव्यांगत्वं असली तर सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा तसाच ठेवायचा, नव्वदातून तो वजा करायचा, जे उरलं त्याला लहान आकड्यानं गुणून नव्वदानं भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. समजा हातापायाचे ५० टक्के निघाले आणि वाचेचे ४०. तर ४० गुणिले ४० भागिले ९०, म्हणजे १७.८. एकूण झाले जवळपास ६८. एसटीत चाळीसच्या वर ७५ टक्के सवलत मिळते, पण सोबत्याला अर्धं तिकीट हवं तर ६५ च्या वर लागतं. म्हणजे वाचेची तपासणी झाली नाही तर तुमचा भाऊ किंवा मुलगा सोबत जाताना पूर्ण तिकीट काढेल. तुमचं स्वतःचं सोडा, मार्च २०२३ पासून बायांना एसटीत तसंही अर्धंच आहे.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, तिथेच दवाखाना निवडायचा. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स असे पर्याय आहेत. अर्ज भरताना प्रकार विचारतात तिथे दोन्ही टाका. कार्ड तीन रंगांत येतं: चाळीसच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं. नणंदबाईंच्या निळ्या बॅजशी याचा काही संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो.

रेल्वेचं दुपारी लिहितो. हात एकच चालतो, टाइप करायला वेळ लागतो.

धंतोली_फिजिओ

काकांच्या मुद्द्याला जोडून, रोज असे पेशंट बघते म्हणून.

झटका आल्यावर लगेच बोर्डाकडे पळू नका. पहिल्या सहा महिन्यांत पुष्कळ भरून येतं, त्याआधीचा आकडा पक्का नसतो. तुमचे ते दिवस होऊन गेले असतील तर आता जायला हरकत नाही.

जाताना एक करा. तपासणीच्या मार्गदर्शक सूचनांत हाताच्या कामांची जी यादी आहे ती अगदी घरगुती आहे: ग्लासानं पाणी पिणं, हातानं जेवणं, केस विंचरणं, शर्ट घालणं, बटण लावणं, नाडी बांधणं, लिहिणं, संडासला जाऊन आल्यावर धुणं. पायाची यादीही तशीच, जिना, उतार, उकिडवं बसणं, मांडी घालणं. घरी यातलं काय जमतं, काय जमत नाही ते एका कागदावर लिहून न्या. बायका सवयीनं म्हणतात, "हो हो, जेवतात ना!" अहो, डाव्या हातानं चमच्यानं जेवतात आणि पोळीचे तुकडे तुम्ही करून देता, हे कोण सांगणार? नाटक करायचं नाही, पण झाकायचंही नाही. घरची माणसं इज्जतीपायी झाकतात आणि टक्के कमी लागले की मग रडतात.

स्पीच थेरपिस्टचा अफेझियाचा लेखी रिपोर्ट आधीच काढून ठेवा. बोर्डापुढे यांना नाव विचारलं आणि नेमकं ते बरोबर सांगता आलं तर "बोलतात की" असं होऊन बसतं.

अजनीवाले काका

हां, रेल्वे. यूडीआयडी कार्ड दाखवलं की खिडकीवर स्वस्त तिकीट, असं समजून लोक स्टेशनवर जातात आणि भांडतात. रेल्वेचं वेगळं सवलत प्रमाणपत्र असतं, रेल्वेच्याच नमुन्यात, सरकारी डॉक्टरच्या सही-शिक्क्याचं. त्यावरून रेल्वे स्वतःचं दिव्यांगजन ओळखपत्र देते. अर्ज आता ऑनलाइन आहे. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोघांची मंडळ कार्यालयं आहेत, तर अर्जात आपलं स्टेशन आणि मंडळ नीट बघून निवडा.

त्या प्रमाणपत्रातलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं: सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही. ते नसलं तर चाळीस काय नि साठ काय, हाडा-स्नायूंच्या दिव्यांगत्वावर रेल्वे सवलत देत नाही. ते असलं तर स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीला ५०, राजधानीच्या थर्ड एसीला २५. तेवढीच सोबत्यालाही. वंदे भारतमध्ये नाही. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, ही मात्र चालू आहे. डॉक्टर सही करत असताना ते वाक्य आहे का ते उभ्या उभ्या वाचा. बाहेर आल्यावर वाचून उपयोग नाही.

आर्किटेक्ट_प्रतापनगर

पार्किंगचं मी सांगतो, कारण नकाशे मंजूर करून घेताना हेच बघावं लागतं.

ब्लू बॅजसारखं आपल्याकडे काही नाही. तिकडे तो बॅज माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही, आणि पिवळ्या रेषेवर तीन तासांपर्यंत उभं राहता येतं ते त्यामागे कायदा आहे म्हणून. इथे बाजारात व्हीलचेअरचं चित्र असलेले स्टिकर मिळतात. लावा, समोरच्याला कळतं, पण त्यानं नो-पार्किंगमध्ये उभं राहायचा हक्क मिळत नाही. गाडी उचलली तर दंड भरावाच लागतो.

आपल्याकडे जो नियम आहे तो इमारतीवर आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सार्वजनिक इमारतींना प्रवेशद्वाराजवळ दिव्यांगांसाठी दोन गाड्यांची जागा ठेवायला सांगितली आहे, दारापासून ३० मीटरच्या आत, आणि जागेची रुंदी किमान ३.६ मीटर. नेहमीची जागा अडीच मीटरची असते. तो जास्तीचा मीटरभर तुम्ही वर्णन केलं त्यासाठीच आहे, दार पुरतं उघडून माणसाला बाहेर काढायला. धंतोलीतल्या जुन्या बंगल्यांचे जे दवाखाने झाले तिथे ही जागा निघणं अवघड, हे मान्य. पण मोठ्या नव्या दवाखान्यात ती नकाशात असते आणि प्रत्यक्षात तिथे जनरेटर किंवा डॉक्टरांची गाडी असते. व्यवस्थापनाला लेखी पत्र द्या, यूडीआयडीची प्रत जोडा, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं गार्डच्या पाळीबरोबर बदलतं. पत्रानं हललं नाही तर दिव्यांग आयुक्त पुण्यात बसतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते.

टोल: माफी फक्त दिव्यांगाच्या वापरासाठी खास बनवलेल्या किंवा बदल केलेल्या वाहनाला आहे. तुम्ही साधी गाडी चालवता आणि ते शेजारी बसतात, त्याला नाही. व्हॉट्सअॅपवर उलटं फिरून राहिलं आहे, त्यावर जाऊ नका. नवीन गाडी घेताना जीएसटीत सूट असायची, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के झाला, त्यामुळे त्यात वेगळं काही उरलं नाही.

लेखाशाखा

ताई, मिस्टर सरकारी नोकरीत आहेत आणि ते कोणी विचारलंच नाही! त्याच कायद्याचं कलम २०(४) वाचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. ते काम जमत नसेल तर तेवढ्याच पगारावर दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे त्यांच्यासाठी धरलेलं जास्तीचं पद. ऑफिसातलं कोणी "स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका" म्हणत असेल तर सही करण्याआधी थांबा. मी हे मुद्दाम लिहितो, कारण असा अर्ज बहुतेक वेळा सहानुभूती दाखवतच समोर सरकवला जातो.

चाळीस टक्क्यांच्या वर व्यवसाय कर माफ. दिव्यांग कर्मचाऱ्याला वाहतूक भत्ता वाढीव दरानं असतो, आस्थापना शाखेत अर्ज द्या, आपोआप लागत नाही. आयकराला जुन्या पद्धतीत ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांच्या वर सव्वा लाख. नव्या पद्धतीत ही वजावट नाही, तेव्हा दोन्ही हिशेब करून बघा.

पारडीचा

मध्येच विचारतो, माफ करा. आमचे बाबा ऑटो चालवायचे, त्यांनाही लकवा आहे. नोकरी-बिकरी काही नाही. आमच्यासाठी काय?

लेखाशाखा

संजय गांधी निराधार योजना. तहसील कार्यालयात. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत चालतं, वय ६५ च्या आत. दिव्यांगांना आता महिन्याला २,५०० आहेत, आधी १,५०० होते. व्हीलचेअर, कुबड्या हव्या असतील तर केंद्राची एडिप योजना, महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साहित्य मोफत. पण या सगळ्याला यूडीआयडी आधी लागतं.

मानेवाडावासी

सगळ्यांचे आभार. स्वेच्छानिवृत्तीचं खरंच कोणीतरी बोललं होतं, आणि मी ते चांगुलपणानं घेतलं होतं. कलमाची प्रिंट काढली.

अर्ज आज रात्री भरते. एक अडलं आहे: पोर्टलवर अर्जदाराची सही स्कॅन करून मागतात. यांचा उजवा हात चालत नाही आणि डाव्यानं सही केली तर बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. मी करू का त्यांच्या वतीनं?

अजनीवाले काका

तुम्ही करू नका. सही किंवा अंगठा असं लिहिलेलं असतं. डाव्या हाताचा अंगठा पांढऱ्या कागदावर उठवा, मोबाइलनं फोटो काढून टाका. शाई कमी लावा, नाही तर नुसता डाग येतो. आणि फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो, लग्नातला कापून टाकू नका.