डेमोत दाखवलेलं गेममध्ये नसेल, तर ती फसवणूकच

सेव्हपॉइंट (धागाकर्ता)
ट्रेलर बघून प्री-ऑर्डर करणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. 'नो मॅन्स स्काय' यायच्या आधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, तो बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांना टीव्हीवर विचारलं होतं की गेममध्ये दुसरा खेळाडू भेटू शकतो का. त्यांनी हो म्हटलं, फक्त शक्यता अगदी कमी असल्याचं सांगितलं. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला आणि लगेचच दोघे खेळाडू ठरवून एका ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले. त्यांना एकमेक दिसलेच नाहीत. खरा मल्टीप्लेअर, म्हणजे इतर खेळाडूंबरोबर एकत्र खेळणं, आला जुलै २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये. मधली दोन वर्षं ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते त्यांचं काय? माझ्या मते ही सरळ फसवणूक आहे.

रात्रपाळी
असहमत. त्याच गेमच्या जाहिरातीबद्दल ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या होत्या. २०१६ मध्येच निकाल लागला, आणि जाहिरात दिशाभूल करणारी नाही असं ठरलं. शिवाय नंतरची सगळी अपडेट्स त्यांनी फुकट दिली.

मी स्वतः गेम बनवण्याच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डेमोसाठी जो तुकडा बनवतात त्याला व्हर्टिकल स्लाइस म्हणतात. पंधरा मिनिटांचाच खेळ, पण घासूनपुसून तयार केलेला. रस्ता एकच, पहारेकरी ठरलेल्या जागी, आणि खेळून दाखवणारा आमचाच माणूस, महिनाभर तालीम केलेला. आमच्या एका गेममध्ये दोर फेकून कुठल्याही गच्चीवर चढता यायचं. डेमोत टाळ्या पडल्या. मग पूर्ण नकाशा उभा राहिला, तेव्हा लक्षात आलं की दोर हातात आला की खेळाडू सगळ्यांना वळसा घालून थेट शेवटच्या खोलीत उतरतो, आणि पाठलाग करणारे शत्रू खाली भिंतीला धडकत राहतात. सहा महिने झगडलो, शेवटी दोर काढून टाकला. ज्या अ‍ॅनिमेटरने वर्षभर त्यावर काम केलं होतं, त्याच्याकडे त्या दिवशी बघवत नव्हतं. यात फसवायचा हेतू कुठे आला?

भिंगरी
दोर काढलात, पटलं. ट्रेलर काढलात का?

रात्रपाळी
नाही. रिलीजच्या दिवसापर्यंत स्टोअरवर तोच होता. मी दोनदा मेल केला, नवा ट्रेलर कापायला वेळ नाही असं उत्तर आलं. तेवढं चुकलंच, मान्य करतो.

भिंगरी
मग माझं भांडण तेवढ्यापुरतंच आहे. फीचर कापणं तुमचा हक्क, पण कापलेलं दाखवून पैसे घेणं नाही.

जुना_कन्सोल
'वॉच डॉग्ज'चं उदाहरण कसं विसरलात? २०१२ च्या डेमोत पाऊस, प्रकाश, धूर बघून थक्क झालो होतो. २०१४ मध्ये हातात आला तो बराच फिका. महिन्याभरात मॉडिंग करणाऱ्यांना (गेममध्ये स्वतःच फेरफार करणारे हौशी) पीसीच्या फाइल्समध्ये जुन्या इफेक्टची सेटिंग्ज बंद करून ठेवलेली सापडली! कंपनीचं म्हणणं होतं की स्थिरतेसाठी आणि खेळणं सुकर व्हावं म्हणून ती बंद केली. कारण खरंही असेल, पण ते आधी सांगायला हवं होतं.

रात्रपाळी
सांगितलं तरी ऐकतं कोण? 'सायबरपंक २०७७'च्या २०१८ मधल्या डेमोवर 'काम चालू आहे' असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यात हातातल्या पात्यांनी भिंतीवर चढता यायचं. ते काढल्याचं २०२० मध्ये, रिलीजच्या आधीच त्यांनी सांगितलं होतं. तरी लोक डिसेंबरमध्ये भिंत शोधत होते.

सेव्हपॉइंट
त्या एका बाबतीत तुमचं बरोबर आहे, त्यांनी सांगितलं होतं. पण त्याच गेमच्या २०१८ च्या ट्रेलरची सुरुवात मेट्रोच्या डब्यात होते, आणि माझ्यासाठी तोच तो गेम होता. खिडकीतून शहर सरकताना बघायचं म्हणून घेतला. २०२० मध्ये स्टेशनं होती, पण तिथून फक्त फास्ट ट्रॅव्हल व्हायचा, म्हणजे प्रवास न दाखवता थेट दुसऱ्या ठिकाणी. मेट्रोत बसता आलं डिसेंबर २०२३ च्या २.१ अपडेटनंतर. तोवर माझी कथा संपलेली, सगळी मिशन्स झालेली. तरी गेम परत इन्स्टॉल केला, डब्यात बसलो आणि एक पूर्ण फेरी काही न करता नुसता बाहेर बघत राहिलो. फार सुंदर केलंय. तीन वर्षं आधी हवं होतं.