माद्रिदमध्ये शनिवार-रविवारी नाटक: सल्ला हवा आहे

मुक्ता_पुणे
नमस्कार मंडळी. सप्टेंबरपासून मास्टर्ससाठी माद्रिदमध्ये आहे. आठवडाभर लेक्चर आणि असाइनमेंट, पण शनिवार-रविवार मोकळे. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला बॅकस्टेज करायचे, त्यामुळे नाटकाशिवाय करमत नाही. स्पॅनिश बी-१ (मध्यम पातळी) आहे. वर्गात सगळं कळतं, बाहेर निम्मं. एवढ्या भाषेवर काय बघावं? वय २३, बजेट विद्यार्थ्याचं. शाकाहारी आहे, अंडं चालतं.

लावापिएसकर
मुक्ता, भाषा पक्की होईपर्यंत अजिबात थांबू नकोस. ग्रान व्हियाजवळच्या मिक्रोतेआत्रोपासून सुरुवात कर. पंधरा मिनिटांचं नाटक, एका छोट्या खोलीत, जेमतेम पंधराएक प्रेक्षक. नट हातभर अंतरावर असतो, त्यामुळे शब्द सुटला तरी चेहऱ्यावरून कळतं. हा प्रकार २००९ मध्ये माद्रिदमध्येच सुरू झाला, एका जुन्या वेश्यागृहाच्या खोल्यांमध्ये. आजची बोली भाषा ऐकायला मिळते, तुला तीच हवी आहे.

सप्तपदी
माझं मत वेगळं आहे. बोली भाषेतला विनोद परक्याला सगळ्यात उशिरा कळतो. तू थेट अभिजात नाटकाला जा! लोपे दे वेगा, काल्देरोन या सतराव्या शतकातल्या स्पॅनिश नाटककारांच्या संहिता नेटवर फुकट मिळतात, आधी वाचून जाता येतं. लोपेच्या ‘फुएन्तेओवेहुना’चंच बघ: जुलमी कोमेंदादोरला (लष्करी सरदाराला) गाव मारतं आणि छळ झाला तरी एकही जण नाव फोडत नाही. गोष्ट माहीत असली की कान पद्याच्या लयीकडे लागतो, आणि ती लय फार सुंदर आहे.

प्रिन्सिपे रस्त्यावरचं तेआत्रो दे ला कोमेदिया हे राष्ट्रीय अभिजात नाट्यसंस्थेचं घर. पलीकडे प्लाझा दे सांता आनामध्ये तेआत्रो एस्पान्योल आहे. त्या जागेवर १५८३ पासून नाटकं होत आली आहेत. समोर कवी-नाटककार लोर्काचा पुतळा आहे, हातात पक्षी घेतलेला. १९३२ मध्ये त्याने विद्यापीठातल्या मुलांना घेऊन ‘ला बार्राका’ हे फिरतं नाटकमंडळ काढलं आणि हीच जुनी नाटकं खेडोपाडी नेली. तू नाटकवाली मुलगी, तिथे थोडा वेळ थांबच.

सगळ्यात कामाची गोष्ट: ऐकू कमी येणाऱ्या प्रेक्षकांसाठी काही प्रयोगांना रंगमंचाच्या वर स्पॅनिश संवाद दाखवतात. तो प्रयोग शोधून तिकीट काढ. सरकारी नाट्यगृहांत तरुणांना सवलत असते, ओळखपत्र जवळ ठेव.

भटकी_वनिता
एक शनिवार अल्काला दे एनारेससाठी ठेव. आतोचाहून लोकल, पाऊणएक तास. ‘दोन किहोते’वाल्या सेर्व्हान्तेसचं जन्मगाव म्हणून सगळे जातात, पण तू तिथलं कोर्राल दे कोमेदियास बघ. १६०१ चं नाट्यगृह! पुढे त्याचं सिनेमागृह झालं आणि मूळ रूप झाकलं गेलं. १९८० च्या सुमारास नाट्यशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी शोध घेऊन ते पुन्हा उजेडात आणलं. तुझ्याच वयाची मुलं असतील ती. आजही तिथे प्रयोग होतात, मी दर वेळी नव्या पाहुण्यांना तिथे घेऊन जाते. सव्विशीच्या आत आहेस, तर तरुणांचा मासिक पास काढ. त्यात हा प्रवासही येतो.

रविवारचं सांगते. सकाळी रास्त्रोचा बाजार, तीनच्या आत. प्रादो संग्रहालय पाचनंतर सगळ्यांना फुकट, आणि पंचविशीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना कधीही फुकट, त्यामुळे तू गर्दीच्या वेळा टाळ. नंतर संध्याकाळचा प्रयोग. जेवण इथे रात्री नऊनंतरच, म्हणजे नाटक सुटल्यावर आरामात.

खाण्यात तोर्तिया (बटाटा आणि अंडं), पादरोनच्या मिरच्या, पिस्तो (टोमॅटोतली मिश्र भाजी). साल्मोरेहोवर (टोमॅटोचं गार सूप) मात्र हॅमचे तुकडे घालतात आणि एन्सालादा मिक्स्तामध्ये (मिश्र सॅलड) ट्यूना मासा असतो. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही. ‘नि हामोन, नि आतून’ (हॅमही नको, ट्यूनाही नको) असं नाव घेऊन सांग.

मुक्ता_पुणे
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! @लावापिएसकर, या शुक्रवारी मिक्रोतेआत्रो नक्की. @सप्तपदी, संवाद दाखवणारा प्रयोग शोधते, तोवर संहिता वाचून काढते. वनिताताई, अल्कालाला पुढच्या महिन्यात जायचं ठरवतेय. तुम्ही माद्रिदमध्येच असाल तर बरोबर येता का?

भटकी_वनिता
येते की. प्रयोगाची तारीख ठरली की व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.