भजनातला अभंग लागला की बाबा शांत होतात, भजनातलाच गजर लागला की दार उघडायला धावतात. काय करू?

तिन्हीसांज (मालवण तालुका)

बाबा ७८ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. दिवसभर ठीक असतात. समई लावायची वेळ झाली की चुळबुळ सुरू. खळ्यात येरझाऱ्या, बेड्याची (फाटकाची) कडी काढायची, "घराक जातंय" म्हणायचं. घर हेच आहे असं सांगितलं की चिडतात. एकदा मला ढकललं. जन्मात कधी माझ्यावर हात उगारला नव्हता त्यांनी.

वाडीच्या भजनात त्यांनी चाळीस वर्षं पखवाज वाजवला. गेल्या गणपतीत भावाने मंडळाच्या जुन्या कॅसेटवरून फोनवर उतरवलेलं भजन लावलं. भजनाच्या सुरुवातीची रूपावली सुरू झाली आणि बाबा खळ्यातून आपणहून आत येऊन बसले. अभंगाला उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. त्यांना भावाचं नाव आठवत नाही, पण तालाची सम एकदाही चुकली नाही. त्या संध्याकाळी वाटीभर पेज पोटात गेली.

तेव्हापासून रोज साडेसहाला लावते. अडचण पुढे आहे. गौळण संपून गजर धरतात, लय चढत जाते आणि बाबा उठतात. "पखवाज खंय माझो? पोरां वाट बघतत." गजर ऐन भरात असताना कॅसेटची बाजू संपते. मग "दार उघड" म्हणून आरडाओरडा, अकरापर्यंत झोप नाही. मोठा आवाज सोसत नाही म्हणावं, तर शिमग्यात रोंबाटाच्या मिरवणुकीचे ढोल आले तेव्हा ते कान दाबून थरथरत होते, आणि गजराला मात्र चेहरा खुलतो. गजर कापून टाकू का? त्यांच्या सगळ्यात आवडीचा तोच, म्हणून हात धजत नाही.

सागरवाट

रात्री दरबारी कानडा लावून बघा. कुठल्या त्रासावर कुठला राग याचे तक्ते नेटवर आहेत.

तिन्हीसांज

लावला होता. पाच मिनिटांत म्हणाले, "रेडिओ बंद कर." त्यांनी आयुष्यभर ऐकलंय ते भजन, त्यामुळे त्या तक्त्यांचा आमच्या घरी उपयोग नाही.

परिचारिका (रत्नागिरी)

ताई, मी वृद्धांच्या वॉर्डात काम करते. ढोल आणि गजर या दोन वेगळ्या गोष्टी धरा. म्हातारपणी पुष्कळांना हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि तोच आवाज मोठा झाला की कानाला सोसत नाही. म्हणून शिमग्यात त्यांना मागच्या खोलीत घेऊन बसा.

गजराचं असं, की लय चढली की ऐकणाऱ्याचा श्वास आणि नाडीही चढते. २००६ साली 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात २४ जणांवरचा एक अभ्यास आला होता. त्यांना सहा तऱ्हेचं संगीत ऐकवलं, त्यात एक रागही होता. जलद लयीला श्वास, नाडी, रक्तदाब वाढले. मध्येच दोन मिनिटं शांतता ठेवली तेव्हा नाडी आणि रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली आले. ती सगळी निरोगी माणसं होती, तेव्हा बाबांना हे जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. पण अभंगानंतर दोन मिनिटं फोन थांबवून बघा, आणि भरवायचं ते अभंग चालू असतानाच. तसंच हा संध्याकाळचा त्रास एकाएकी वाढला तर डॉक्टरांना दाखवा. लघवीचा जंतुसंसर्ग झाला तरी असं होतं.

पेटीवाला (कुडाळ)

बाय, तुझो बापूस वाजवणारो माणूस. गजर लागलो म्हणजे तेचा काम सुरू झाला. हात रिकामे ठेवून तो बसतलो कसो? गजर कापू नको. पखवाज घरात आसा तर समोर ठेव. आणि तुझी कॅसेट गजरात तुटता, खरी गोम थंयच आसा. आमी भैरवी म्हटल्याशिवाय उठनव नाय. तेंका अजून कोणी सांगूकच नाय, भजन संपला म्हणून.

तिन्हीसांज (तीन आठवड्यांनी)

बुवा, पखवाज माळ्यावर होता. खाली काढला, पुसला. कणीक मळून ताटलीत बाबांपुढे ठेवली आणि मी काहीच बोलले नाही. बाबा बराच वेळ नुसते बघत होते. मग लिंबाएवढा गोळा घेतला, डाव्या पुडीवर (पखवाजाच्या चामड्यावर) मधोमध ठेवला आणि अंगठ्याने कडेकडेने दाबत पसरत गेले. थाप मारली, कान जवळ नेला. चिमूटभर कणीक काढली, परत थाप. असं तीन वेळा. चहाचा कप कशाला असतो हे सकाळी विसरलेला माणूस हे करत होता.

गजराला वाजवतात. हातात पूर्वीचा जोर नाही, दमले की थांबतात, पण उठून दाराकडे जात नाहीत. भैरवी आमच्या कॅसेटमध्ये नव्हतीच. वाडीतल्या आमच्या बुवांच्या मुलाने ती म्हटली आणि मी फोनवर घेतली. गजरानंतर दोन मिनिटं शांत, मग ती लावते. पहिल्याच दिवशी भैरवी संपल्यावर बाबांनी नखाने कणीक खरवडून ताटलीत काढली, पखवाजावर कापड टाकलं आणि म्हणाले, "वाढ गो जेवूक."

रोज जमतं असं नाही. सोमवारी आणि काल पखवाजाला हातही लावला नाही, पुन्हा बेड्यापर्यंत गेले. मी त्यांच्याबरोबर फणसापर्यंत चालून आले, तेवढ्याने परतले.

उजव्या पुडीची शाई, म्हणजे मधला काळा थर, उडाली आहे, आवाज फुटका येतो. बाबा त्यावर बोट फिरवून माझ्याकडे बघतात. कुडाळात किंवा सावंतवाडीत पुडी बदलून देणारं कोणी आहे का?

पेटीवाला (कुडाळ)

पखवाज घेऊन ये. बाबांकाय हाड.